गोरिलावाल्या पॉलला लंडननं थापाड्या म्हटलं, पण एका प्राण्यानं त्याची बाजू राखली

1861 साली लंडनकरांना गोरिलाचं वेड लावलं ते पॉल दु शाय्यू या गड्यानं. वडील फ्रेंच व्यापारी, आफ्रिकेतल्या गॅबॉनच्या किनाऱ्यावर त्यांचा धंदा. तिथल्या भाषा पॉल तरुणपणीच शिकला. पुढं अमेरिकेत गेला, 1855 मध्ये तिथून परत गॅबॉन गाठलं आणि जंगलात शिरला. काही वर्षांनी आला तो गोरिलांची कातडी, कवट्या आणि पक्ष्यांचा ढीग घेऊनच.

याच भटकंतीत त्याला एक विचित्र प्राणी सापडला होता. चपटं, रुंद तोंड, राठ मिशा आणि माशासारखी दोन्ही बाजूंनी दबलेली शेपूट. ती डावी-उजवीकडे हलवत हा गडी ओढ्यात सुसाट पोहतो आणि खेकडे मटकावतो. पॉलनं 1860 मध्ये त्याचं वर्णन छापलं, पण त्याला बसवलं मांसभक्षक प्राण्यांच्या गटात.

ब्रिटिश म्युझियमचे जॉन ग्रे आधीच पॉलवर खार खाऊन होते. त्याचा प्रवासच त्यांना खरा वाटत नव्हता. त्यांनी या प्राण्याला उंदरांच्या कुळात टाकलं आणि नाव दिलं 'मिथोमिस'. अर्थ, दंतकथेतला उंदीर! शास्त्रीय नावातूनच टोमणा.

आता पॉलही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पुस्तकात मसाला होता, तारखांचा मेळ बसत नव्हता.

मग जॉर्ज ऑलमन या प्राध्यापकांनी प्राण्याची शरीररचना तपासली. निकाल लागला, दोघंही चुकले! तो कीटकभक्षकांच्या गटातला निघाला. पण प्राणी अस्सल होता, दंतकथा नव्हती. इंग्रजीत त्याला 'ऑटर श्रू' म्हणतात. खरं तर तो पाणमांजरही नाही आणि चिचुंद्रीही नाही. जवळचे नातेवाईक मादागास्करचे टेनरेक, आणि लांबच्या नात्यात चक्क हत्ती. या कुळात फक्त 3 जाती आहेत. उरलेल्या दोन, निम्बा आणि रुवेन्झोरी डोंगरांतल्या, जगाला कळायला 1950 चं दशक उजाडलं.

टीका पॉलला लागली होती. तो फोटोग्राफी आणि मोजमापाची उपकरणं शिकून 1863 मध्ये पुन्हा गॅबॉनला गेला. तिथं त्याच्या माणसाच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली, गावकरी मेले. जीव घेऊन पळताना फोटो आणि नमुने जंगलातच राहिले.

नंतर त्यानं आफ्रिका सोडून नॉर्वे-स्वीडनवर पुस्तकं लिहिली. 1903 मध्ये रशियात, सेंट पीटर्सबर्गला तो वारला. 'मिथोमिस' हे नाव बाद झालं. 'पोटॅमोगेल व्हेलॉक्स' टिकलं, आणि त्यापुढं आजही दु शाय्यूचं नाव लिहितात.