बिल विल्सन
विल्यम ग्रिफिथ विल्सन ऊर्फ बिल विल्सन (जन्म : ईस्ट डॉर्सेट, व्हरमाँट, अमेरिका, २६ नोव्हेंबर १८९५, मृत्यू : मायामी, फ्लोरिडा, २४ जानेवारी १९७१) हे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या मद्यमुक्तीसाठी काम करणाऱ्या परस्परसाहाय्य संघटनेचे सहसंस्थापक होते. शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट हॉलब्रुक स्मिथ (डॉ. बॉब) यांच्यासह त्यांनी १९३५ मध्ये या संघटनेचा पाया घातला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात जगभर वापरल्या जाणाऱ्या 'बारा पायऱ्यां'चे आणि संघटनेचा कारभार ठरवणाऱ्या 'बारा परंपरां'चे लेखन त्यांनी केले. संघटनेच्या अनामिकतेच्या तत्त्वानुसार ते हयातीत 'बिल डब्ल्यू.' या नावाने ओळखले जात. त्यांचे पूर्ण नाव जनसामान्यांना मुख्यतः त्यांच्या मृत्यूनंतर कळले.

बालपण आणि शिक्षण
विल्सन यांचा जन्म ईस्ट डॉर्सेट या संगमरवराच्या खाणींच्या गावी झाला. वडील गिल्मन विल्सन खाणव्यवसायात होते. बिल साधारण दहा वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले. वडील कॅनडाच्या पश्चिम भागात निघून गेले, तर आई एमिली वैद्यकीय शिक्षणासाठी बॉस्टनला गेल्या. बिल आणि धाकटी बहीण डोरोथी यांचा सांभाळ आजोळी फेएट ग्रिफिथ आणि एला ग्रिफिथ यांनी केला. ऑस्ट्रेलियन माणसाखेरीज कोणालाही बूमरँग बनवता येत नाही, असे आजोबांनी सांगितल्यावर बिल यांनी काही महिने खटपट करून फेकल्यावर परत येणारे बूमरँग तयार केले. प्रत्येक गोष्टीत पहिला क्रमांक मिळवण्याच्या आपल्या हव्यासाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग ते पुढे सांगत.

मँचेस्टर येथील बर अँड बर्टन या शाळेत ते खेळ व संगीत यांत चमकले. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांची मैत्रीण बर्था बॅमफर्ड हिचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. या आघाताने त्यांना तीव्र नैराश्य आले. हा विकार त्यांना पुढे आयुष्यभर अधूनमधून छळत राहिला. त्यानंतर त्यांनी नॉर्विच विद्यापीठ या लष्करी शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला.

विवाह आणि लष्करी सेवा
ब्रुकलिनमधील डॉक्टर क्लार्क बर्नहॅम यांची कन्या लोइस हिच्याशी त्यांची ओळख व्हरमाँटमध्ये झाली. लोइस त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी होती. २४ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याआधी, १९१७ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे तोफखान्यात अधिकारी म्हणून नेमणूक असताना त्यांनी एका मेजवानीत पहिल्यांदा मद्य घेतले. स्वभावाने बुजऱ्या असलेल्या विल्सन यांना मद्यामुळे लोकांत मोकळेपणाने मिसळता येऊ लागले. पुढे त्यांची रवानगी फ्रान्सला झाली.

व्यवसाय आणि मद्यासक्ती
युद्धावरून परतल्यावर विल्सन यांनी ब्रुकलिन येथे कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु मद्यपानामुळे पदवी हाती पडली नाही. त्यानंतर ते शेअर बाजाराकडे वळले. कंपन्यांचे समभाग घेण्यापूर्वी त्यांचे कारखाने आणि कारभार प्रत्यक्ष पाहावा, ही त्या काळी फारशी रूढ नसलेली कल्पना त्यांनी अमलात आणली. १९२५ मध्ये साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून पती-पत्नींनी पूर्व किनाऱ्यावर भ्रमंती केली. या पाहणीचे अहवाल वॉल स्ट्रीटवरील गुंतवणूकदारांना उपयुक्त वाटले आणि विल्सन यांना चांगली मिळकत होऊ लागली. त्याच काळात त्यांचे पिणेही वाढत गेले.

१९२९ च्या मंदीत त्यांची संपत्ती गेली. दांपत्याला लोइसच्या वडिलांच्या ब्रुकलिनमधील घरी आश्रय घ्यावा लागला. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवू लागल्या. मद्य सोडण्याच्या लेखी शपथा विल्सन यांनी घरातील बायबलमध्ये लिहून ठेवल्या होत्या; त्यांपैकी एकही टिकली नाही.

१९३३ ते १९३४ या काळात त्यांना न्यूयॉर्कमधील टाउन्स रुग्णालयात चार वेळा दाखल करण्यात आले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ मद्यासक्ती हा नैतिक दुबळेपणा न मानता आजार मानत. शरीराची मद्याबाबतची विकृत संवेदनशीलता आणि मनाला लागलेला अनावर ध्यास अशी त्याची दोन अंगे आहेत, असे त्यांचे मत होते. पहिला घोट घेतल्यावर थांबणे शरीराच्या हाती राहत नाही आणि तो घोट टाळणे मनाच्या हाती राहत नाही, हा या मताचा अर्थ विल्सन यांना पटला. मात्र आजाराचे नाव कळल्याने तो बरा झाला नाही.

परिवर्तन
नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र विल्सन यांच्या घरी आला. त्याने मद्य सोडले होते. 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीत आपल्याला मार्ग सापडल्याचे त्याने सांगितले. आत्मपरीक्षण, दोषांची कबुली, दुखावलेल्यांची भरपाई, प्रार्थना आणि इतरांची निरपेक्ष सेवा असे या चळवळीचे आचार होते. थॅचर या चळवळीकडे रोलंड हॅझर्ड यांच्यामार्फत आला होता. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी हॅझर्ड यांना वैद्यकीय उपचारांची मर्यादा स्पष्टपणे सांगितली होती आणि एखाद्या सखोल आध्यात्मिक अनुभवातूनच सुटका संभवते, असे सुचवले होते.

११ डिसेंबर १९३४ रोजी विल्सन शेवटचे रुग्णालयात दाखल झाले. तेथे पराकोटीच्या नैराश्यात त्यांनी ईश्वराला हाक मारली आणि खोली शुभ्र प्रकाशाने भरून गेल्याचा व अपार शांततेचा अनुभव त्यांना आला. आपल्याला वेड तर लागले नाही ना, अशी शंका त्यांनी डॉ. सिल्कवर्थ यांच्याकडे व्यक्त केली. डॉक्टरांनी त्यांना धीर देऊन जे लाभले ते जपण्यास सांगितले. टाउन्स रुग्णालयात त्या काळी बेलाडोनायुक्त औषधे दिली जात. त्यामुळे हा अनुभव औषधजन्य भास असावा, असे काही अभ्यासक मानतात. विल्यम जेम्स यांच्या 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपीरियन्स' या ग्रंथाच्या वाचनाने विल्सन यांना या अनुभवाचा अर्थ लावण्यास मदत झाली. त्यानंतर त्यांनी मद्य घेतले नाही. थॅचर मात्र पुढे अनेकदा पुन्हा व्यसनात अडकला. तरीही विल्सन त्याला अखेरपर्यंत आपला मार्गदर्शक मानत आणि आधार देत राहिले.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची स्थापना
पुढील काही महिने विल्सन इतर मद्यासक्तांना स्वतःच्या साक्षात्काराची कहाणी सांगत राहिले. त्यातून एकही जण सुधारला नाही. उपदेश थांबवून आधी आजाराचे गंभीर स्वरूप सांगावे, असा सल्ला डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना दिला.

मे १९३५ मध्ये एका कंपनीच्या नियंत्रणासाठी चाललेल्या व्यवहाराच्या निमित्ताने विल्सन ओहायो राज्यातील ॲक्रन येथे गेले. व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलात एकटे असताना तेथील मद्यगृहाकडे त्यांचे मन ओढ घेऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये ज्यांना मदत केली त्यांच्यापैकी कोणी सुधारले नसले, तरी त्या प्रयत्नांमुळे आपण स्वतः मद्यापासून दूर राहिलो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तेथील एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला आणि त्यातून हेन्रिएटा सायबरलिंग यांच्याशी संपर्क झाला. सायबरलिंग यांनी १२ मे रोजी आपल्या घरी त्यांची आणि डॉ. स्मिथ यांची भेट घडवून आणली. डॉ. स्मिथ पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ न थांबण्याच्या निश्चयाने आले होते. प्रत्यक्षात संभाषण काही तास चालले. आपल्यासाठी मदत मागायला आलेला मद्यासक्त डॉ. स्मिथ प्रथमच पाहत होते. एकाची गरज ही दुसऱ्याच्या गरजेइतकीच मोठी असल्याने येथे उपकारकर्ता आणि उपकृत असा भेद उरला नाही. संघटनेच्या पुढील सर्व विचारांचे मूळ या भेटीत आहे.

डॉ. स्मिथ यांनी त्यानंतर एकदा पुन्हा मद्य घेतले. १० जून १९३५ हा त्यांच्या अखेरच्या मद्यपानाचा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. त्याच महिन्यात दोघांनी ॲक्रनच्या रुग्णालयात बिल डॉटसन या वकिलाची भेट घेतली. ते तिसरे सदस्य झाले.

बारा पायऱ्या
१९३७ मध्ये न्यूयॉर्कचा गट ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळा झाला. त्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही शहरांत मिळून सुमारे चाळीस जण मद्यमुक्त राहिले असल्याचे दिसून आले. हा अनुभव ग्रंथरूपाने मांडावा असे ठरले. डिसेंबर १९३८ मध्ये विल्सन यांनी चळवळीच्या तोंडी चालत आलेल्या आचारांची बारा पायऱ्यांत मांडणी केली.

मद्यापुढील स्वतःची हतबलता मान्य करणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर आपल्याहून श्रेष्ठ शक्तीवर विश्वास, स्वतःचा नैतिक झाडा, दोषांची दुसऱ्या माणसापुढे कबुली, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई, नित्य आत्मपरीक्षण, प्रार्थना व ध्यान असा क्रम येतो. इतर मद्यासक्तांपर्यंत हा मार्ग पोहोचवणे ही बारावी पायरी आहे. मसुद्यावर सदस्यांत तीव्र वाद झाले. काहींना ग्रंथ उघडपणे ख्रिस्ती हवा होता, तर नास्तिक व अज्ञेयवादी सदस्यांना ईश्वराचा उल्लेखच नको होता. ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे ईश्वराची कल्पना करावी, अशी शब्दयोजना करून तडजोड झाली. पायऱ्या आज्ञा म्हणून न मांडता सुचवलेला कार्यक्रम म्हणून मांडण्यात आल्या. या लवचीकतेमुळेच पुढे भिन्न धर्मांच्या देशांत त्यांचा स्वीकार होऊ शकला.

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा ग्रंथ एप्रिल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला तो फारसा खपला नाही. त्याच वर्षी विल्सन दांपत्याला ब्रुकलिनचे घर सोडावे लागले आणि सुमारे दोन वर्षे ते परिचितांच्या घरी राहिले. मार्च १९४१ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आल्यावर सदस्यसंख्या वर्षभरात सुमारे २,००० वरून ८,००० वर गेली.

पैसा, सत्ता आणि बारा परंपरा
विल्सन यांचा पिंड महत्त्वाकांक्षी उद्योजकाचा होता. रुग्णालयांची साखळी, पगारी कार्यकर्ते आणि मोठा निधी अशा योजना त्यांनी आरंभी आखल्या होत्या. टाउन्स रुग्णालयाने त्यांना पगारी उपचारक म्हणून नोकरी देऊ केली, तेव्हा ते स्वतः कर्जबाजारी होते आणि त्यांना ती स्वीकारायची होती. परंतु पैसे घेऊन हे काम केल्यास त्यातील बळ जाईल, असे गटातील सहकाऱ्यांचे मत पडले आणि त्यांनी नकार कळवला. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडूनही मोठ्या देणगीची अपेक्षा होती. रॉकफेलर यांनी चळवळीला दाद दिली. पण पैशाने ती बिघडेल, असे सांगून संस्थापकांच्या निर्वाहासाठी केवळ ५,००० डॉलर दिले.

या अनुभवांतून, तसेच देशभरच्या गटांकडून येणाऱ्या तक्रारींच्या पत्रांतून, विल्सन यांनी 'बारा परंपरा' तयार केल्या. त्या १९४६ मध्ये संघटनेच्या 'ग्रेपव्हाइन' या मासिकात प्रसिद्ध झाल्या व १९५० मध्ये क्लीव्हलँड येथील अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. मद्य सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट ठरली. बाहेरून देणग्या घ्यायच्या नाहीत, सार्वजनिक वादांत मत द्यायचे नाही, पदाधिकाऱ्यांनी सत्ता न गाजवता सेवा करायची आणि प्रसारमाध्यमांत नाव उघड करायचे नाही, असे नियम ठरले. १८४० मध्ये बॉल्टिमोर येथे मद्यप्यांनीच सुरू केलेली 'वॉशिंग्टोनियन' चळवळ राजकीय व सामाजिक वादांत शिरून लयाला गेली, हा इतिहास विल्सन यांच्यापुढे होता. बदनामीपासून संरक्षण हा अनामिकतेचा पहिला हेतू होता. विल्सन यांनी तिला अहंकारावरील नियंत्रणाचे मूल्य मानले. त्यानुसार त्यांनी येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी नाकारली.

१९५५ मध्ये सेंट लुईस येथील अधिवेशनात त्यांनी संघटनेची सूत्रे सदस्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे सोपवली. लोइस विल्सन यांनी १९५१ मध्ये मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' ही संघटना सहकाऱ्यांसह स्थापन केली.

उत्तरायुष्य
मद्य सुटल्यानंतरही विल्सन यांचे नैराश्य सुटले नाही. १९४४ नंतरची सुमारे अकरा वर्षे त्यांना त्याचा विशेष त्रास झाला. मनोविकारतज्ज्ञ हॅरी टीबाउट यांच्याकडे त्यांनी उपचार घेतले. पायऱ्या लिहिणाऱ्यालाच त्यांचा उपयोग होत नाही, अशी टीकाही त्यांना सहन करावी लागली. १९५६ मध्ये त्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली एलएसडी या औषधाचा प्रयोग स्वतःवर केला. हताश मद्यासक्तांना आध्यात्मिक अनुभवाचे दार त्यातून उघडेल, असे त्यांना वाटत होते. संघटनेत नाराजी उमटल्यावर त्यांनी हे प्रयोग थांबवले. पुढे त्यांनी नायसिन या जीवनसत्त्वाचा पुरस्कार केला, तेव्हा त्याच्याशी संघटनेचे नाव जोडले जाऊ नये, असा आग्रह सदस्यांनी धरला. विल्सन यांनी लिहिलेल्या परंपरा अशा रीतीने खुद्द त्यांनाच लागू झाल्या. विवाहबाह्य संबंधांबद्दलही चरित्रकारांनी लिहिले आहे.

विल्सन यांना धूम्रपान मात्र अखेरपर्यंत सोडता आले नाही. त्यातून त्यांना फुप्फुसांचा एम्फिसीमा हा विकार जडला. शेवटच्या आजारपणात त्यांनी व्हिस्की मागितल्याच्या नोंदी परिचारिकांनी केल्या होत्या, असे चरित्रकार सुझन चीव्हर यांनी लिहिले आहे. ती त्यांना देण्यात आली नाही. विवाहाच्या ५३ व्या वाढदिवशी मायामी येथे त्यांचे निधन झाले. ईस्ट डॉर्सेट येथील दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे. तिच्यावर संघटनेचा उल्लेख नाही.

मूल्यमापन आणि वारसा
बारा पायऱ्यांचा नमुना पुढे अमली पदार्थ, जुगार आदी व्यसनांसाठी स्थापन झालेल्या अनेक संघटनांनी स्वीकारला. 'टाइम' नियतकालिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातील शंभर प्रभावशाली व्यक्तींत विल्सन यांचा समावेश केला. त्यांचे कॅटोना येथील 'स्टेपिंग स्टोन्स' हे घर २०१२ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे. भारतातही ए.ए.चे गट कार्यरत असून महाराष्ट्रात त्यांच्या सभा मराठीतूनही होतात.

या पद्धतीवर टीकाही झाली आहे. हतबलतेची कबुली माणसाचा आत्मविश्वास खच्ची करते, तसेच ईश्वरकल्पनेमुळे ही पद्धत धार्मिक ठरते, असे आक्षेप घेतले जातात. आरोपींना अशा सभांची सक्ती करणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेतील काही न्यायालयांनी दिला आहे. परिणामकारकतेबाबत २००६ च्या कॉक्रेन समीक्षेला निर्णायक पुरावा आढळला नव्हता. २०२० च्या समीक्षेत २७ अभ्यासांचा विचार करण्यात आला. पूर्ण मद्यमुक्ती टिकवण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारे सुनियोजित उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचे तिच्यात आढळले.

ग्रंथ
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (१९३९, मुख्य लेखक)
ट्वेल्व्ह स्टेप्स अँड ट्वेल्व्ह ट्रॅडिशन्स (१९५३)
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस कम्स ऑफ एज (१९५७)

चित्रपट
माय नेम इज बिल डब्ल्यू. (१९८९) – या दूरचित्रवाणीपटात जेम्स वूड्स यांनी विल्सन यांची भूमिका केली.