संत जोसेफ कॅलासान्झ आणि नेपल्सची शाळा



२५ ऑगस्ट रोजी ज्यांचा सण साजरा होतो त्या संत जोसेफ कॅलासान्झ यांचे चरित्र आम्ही या रविवारी मुद्दाम निवडले आहे. श्रद्धाशिक्षण वर्ग, वेदीसेवकांचा गट आणि युवा शिबिरे येथे मदत करणाऱ्या सर्व प्रौढ स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करावी असे पॅरिश कौन्सिलने ठरवले, तेव्हा काही जुने कार्यकर्ते दुखावले गेले. इतकी वर्षे विनामोबदला सेवा केली आणि आता संशय घेता का, असे त्यांनी आम्हांला तोंडावर विचारले. त्यांना आम्ही काय उत्तर द्यावे, याचा विचार करताना हे संत आठवले.

स्पेनमधील अरागॉन भागात पेराल्ता दे ला साल या गावी १५५७ च्या सुमारास जोसेफ यांचा जन्म झाला. कायदा आणि ईशज्ञान यांचा अभ्यास करून १५८३ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि १५९२ मध्ये रोमला आले. कार्डिनल कोलोन्ना यांच्या वाड्यात त्यांची सोय झाली. कुठेतरी मानाचे पद मिळावे ही इच्छा मनात होतीच. संतांच्या चरित्रांत हा भाग बहुधा घाईने उरकला जातो.

रोममध्ये ते धर्मशिक्षण देणाऱ्या एका बंधुमंडळात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. आपल्याकडचे रविवारचे शिक्षक करतात तेच काम. गरीब वस्त्यांत हिंडताना त्यांनी पाहिले, की मुले दिवसभर रस्त्यावर आहेत, शिवीगाळ आणि चोरी शिकत आहेत आणि फी नसल्यामुळे कोणताही पंतोजी त्यांना दारात उभे करीत नाही. टायबर नदीपलीकडे त्रास्तेव्हेरे भागात सांता दोरोतेया चर्चच्या पॅरिश प्रिस्टने जागा दिली आणि १५९७ मध्ये तेथे शाळा सुरू झाली. फी नाही. वाचन, लेखन, हिशेब आणि धर्मशिक्षण. युरोपातील सर्वसामान्य मुलांसाठीची ही पहिली मोफत शाळा असे अनेक इतिहासकार मानतात.

मुले वाढत गेली, शिक्षक मात्र टिकत नव्हते. बंधुमंडळातून आलेले कित्येक मदतनीस थोड्याच काळात कंटाळून निघून गेले. जोसेफ स्वतः वर्ग झाडीत, मुलांसाठी लेखण्या तासून ठेवीत. शाळा सुटल्यावर शिक्षकांनी मुलांना रांगेने घरापर्यंत सोडायचे, अशी त्यांची रीत होती. रस्त्यावर मुलाला काय होऊ शकते हे त्यांना पक्के ठाऊक होते. १६१७ मध्ये पोप पॉल पाचवे यांनी या मंडळींना संघ म्हणून मान्यता दिली आणि १६२१ मध्ये तो पूर्ण व्रतस्थ संघ झाला. त्यालाच आज आपण पायरिस्ट संघ म्हणतो. गावोगावचे लोक, सरदार, बिशप शाळा मागू लागले. मागणी जास्त, माणसे कमी. अशा वेळी माणूस पारखून घ्यायला सवड कुणाला असते?

आता त्या प्रकरणाकडे येऊ, ज्याबद्दल भक्तिपुस्तके मौन पाळतात. नेपल्सच्या शाळेत स्तेफानो केरुबिनी नावाचे धर्मगुरू प्रमुख होते. घराणे मोठे, वडील आणि भाऊ पोपच्या दरबारातील वजनदार वकील. १६२९ च्या सुमारास त्यांच्याविरुद्ध मुलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याच्या तक्रारी आल्या. सोबतीच्या व्रतस्थांनीच त्या वर कळवल्या. कॅलासान्झ यांनी काय करावे? घराण्याने संघाला कोर्टकचेरीची धमकी दिली. चौकशी पुढे गेली तर बोभाटा होईल आणि गरिबांच्या साऱ्या शाळा बुडतील, ही भीती होती. त्यांनी केरुबिनींना नेपल्सहून हलवले, पण शिक्षा म्हणून नव्हे. त्यांना वरचे पद दिले आणि प्रकरण बाहेर फुटू नये अशी खबरदारी घेतली. संघाच्या दप्तरातील पत्रे याला साक्षी आहेत. २००४ मध्ये इंग्लंडमधील संशोधक कॅरन लीब्राइख यांनी त्या कागदांवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ही हकिगत सर्वांपुढे आली.

आम्ही हे वाचले तेव्हा वाईट वाटले, हे लपवत नाही. हा माणूस दुष्ट नव्हता, मुलांवर जीव टाकणारा होता. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आम्ही घोकले होते, की विवेक हा इतर सद्गुणांचा वाटाड्या आहे. दया असूनही विवेक सुटला की काय होते, याचे उदाहरण त्या वेळी आमच्यापुढे नव्हते. नेपल्सच्या त्या मुलांची नावे कोणत्याही चरित्रात आढळत नाहीत.

पुढे जे घडले ते कटू आहे. मारिओ सोझी या आणखी एका महत्त्वाकांक्षी सदस्याने संस्थापकांविरुद्धच चुगल्या केल्या. ऑगस्ट १६४२ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या कॅलासान्झ यांना उन्हातून रस्त्यावरून चौकशीसाठी नेण्यात आले. १६४३ मध्ये त्यांचे प्रमुखपद गेले. सोझी त्याच वर्षी वारला आणि त्याच्या जागी, ज्यांना वेळीच रोखले नव्हते, तेच केरुबिनी संघाचे कारभारी झाले. १६४६ मध्ये पोप इनोसंट दहावे यांनी संघाचा दर्जा काढून घेतला. कॅलासान्झ यांनी ते शांतपणे सोसले. २५ ऑगस्ट १६४८ रोजी रोममध्ये ते निवर्तले. १६६९ मध्ये संघ पूर्ववत झाला आणि १७६७ मध्ये कॅलासान्झ यांना संतपद मिळाले. १९४८ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यांना ख्रिस्ती शाळांचे आश्रयदाते संत घोषित केले. संतपद म्हणजे प्रत्येक निर्णय बरोबर होता असा दाखला नव्हे, एवढे येथे सांगितले पाहिजे.

आता आपल्या फॉर्मविषयी. पोक्सो कायदा २०१२ चा. गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हाही त्याखाली गुन्हा आहे. २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. नियम कर्मचाऱ्यांविषयी बोलतो आणि आपले स्वयंसेवक पगार घेत नाहीत, हे एका सद्गृहस्थांनी आमच्या लक्षात आणून दिले. ते खरे आहे. पण शिबिरात रात्री मुलांजवळ झोपणारा माणूस पगारी आहे की बिनपगारी, याने मुलाला काय फरक पडतो? शिवाय पडताळणीत फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात, केरुबिनींवर तर एकही नोंदला गेला नव्हता. म्हणून दोन ओळखीच्यांची नावे आणि पूर्वी सेवा केलेल्या पॅरिशचे पत्रही मागितले आहे. एकटा प्रौढ आणि एकटे मूल बंद खोलीत राहणार नाहीत, हा नियम आमच्यासह सर्वांना लागू राहील.

फॉर्म पॅरिश ऑफिसात ठेवले आहेत. पहिला आम्ही भरून दिला आहे. ज्यांना राग आला आहे त्यांनी फॉर्म न घेता आधी आमच्याकडे चहाला यावे.