आबालाल रहिमान

आबालाल रहिमान (मृत्यू: १९३१) हे कोल्हापूर संस्थानातील निसर्गचित्रकार व छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

जीवन

आबालाल यांचे घराणे कुराणाच्या सुशोभित हस्तलिखित प्रती तयार करणारे होते. बारीक कुंचल्याचा सराव त्यांना घरातूनच मिळाला. १८८० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिक्षण घेतले. तेथील शिस्तबद्ध वास्तववादी पद्धती आत्मसात केल्यावर मुंबईत व्यवसायाची संधी असतानाही ते कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांचा आश्रय लाभल्यावर ते कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहून चित्रे काढीत.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. त्या दुःखावेगात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगितले जाते. ही कथा कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांनी हजारो चित्रे काढली असे मानले जाते. आज पाहावयास मिळतात ती त्या मानाने थोडी. त्यांतील काही कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत.

निसर्गचित्रांचा अर्थ

रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ आणि भोवतालची शेतशिवारे हेच आबालाल यांचे विषय. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने ‘द हे वेन’ (१८२१) या चित्रात स्वतःच्या परिचयाचा स्टूर नदीकाठ रंगविला, त्याच जातीची ही निष्ठा आहे. मात्र कॉन्स्टेबलच्या त्या चित्रात गाडी, घर, कुत्रे असा ग्रामजीवनाचा प्रपंच पुढे येतो. आबालाल यांचे लक्ष मुख्यतः प्रकाशावर असते.

‘संध्यामठ’ हे त्यांचे विशेष गाजलेले चित्र. संध्यामठ ही रंकाळ्याच्या पात्रातील दगडी वास्तू. पावसाळ्यात ती बरीचशी पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उघडी पडते. ज्याने हा तलाव वर्षभर पाहिला आहे, त्याला विषयाच्या निवडीतच काळाची जाणीव दिसेल. तिला केवळ रम्य अवशेष समजून हळहळणे हा मात्र उथळ अर्थ ठरतो.

त्यांच्या रंगलेपनामुळे काही समीक्षक त्यांना दृक्प्रत्ययवादी म्हणतात. परंतु त्यांची घडण मुंबईत व कोल्हापुरातच झाली. त्यामुळे हे साम्य पॅरिसच्या अनुकरणातून आले असे मानण्यापेक्षा, एकाच पाण्याकडे वेगवेगळ्या प्रहरी पाहण्याच्या सवयीतून आले असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

प्रभाव

चित्रकार व चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यासह कोल्हापूरच्या पुढील पिढीतील चित्रकारांनी आबालाल यांच्यापासून प्रेरणा घेतली.