पॉल विल्यम्स : भेदभावाच्या भिंती ओलांडणारे वास्तुविशारद

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या जडणघडणीवर अर्धशतकभर ठसा उमटविणारे कृष्णवर्णीय वास्तुविशारद पॉल विल्यम्स यांचा जन्म १८९४ मध्ये त्याच शहरात झाला. वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत त्यांचे आईवडील निवर्तले आणि दुसऱ्या कुटुंबाने त्यांचा सांभाळ केला. गोरे ग्राहक काम देणार नाहीत आणि कृष्णवर्णीयांना ते परवडणार नाही, असे सांगून एका शिक्षकाने त्यांना या व्यवसायापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांचा निर्धार ढळला नाही. १९२१ मध्ये त्यांना व्यवसायाचा परवाना मिळाला. १९२३ मध्ये ते अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले.

शेजारी बसण्यास संकोचणाऱ्या गोऱ्या ग्राहकांसाठी ते टेबलापलीकडे बसून उलट्या बाजूने आराखडे रेखाटत. समोरच्याला ते सुलट दिसत. हॉलिवूडच्या तारेतारकांची आलिशान निवासस्थाने त्यांनी साकारली. मात्र, त्यांनी घरे बांधलेल्या अनेक वसाहतींत, खरेदीखतांतील वर्णभेदी अटींमुळे, त्यांना स्वतःला राहण्यास मज्जाव होता. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या गोल्डन स्टेट म्युच्युअल या विमा कंपनीची १९४९ मधील मुख्यालयाची इमारतही त्यांचीच.

सुमारे दोन हजारांहून अधिक वास्तूंचे आराखडे सिद्ध करून १९७३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. वास्तुविशारद संस्थेचे सर्वोच्च सुवर्णपदक त्यांना मरणोत्तर मिळाले, तेही २०१७ मध्ये. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.