डॉक्टर जॉन स्नो

नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें. परंतु तें कोठून येतें, असा प्रश्न क्वचितच कोणी करतो. हाच प्रश्न दारोदार जाऊन विचारणाऱ्या एका सत्पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

जॉन स्नो यांचा जन्म इंग्लंडांतील यॉर्क शहरीं ता. १५ मार्च १८१३ रोजीं एका मजुराच्या घरीं झाला. नऊ भावंडांत ते थोरले. १४ व्या वर्षीं ते न्यूकॅसल येथें एका शस्त्रवैद्याजवळ उमेदवारी करूं लागले. १८३१ सालीं त्या भागांतील कोळशाच्या खाणींवर पटकीची सांथ आली, तेव्हां तिचें भयंकर स्वरूप त्यांनीं जवळून पाहिलें. १८४४ सालीं त्यांनीं लंडन विद्यापीठाची एम्. डी. पदवी मिळविली, व १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीस प्रसूतिसमयीं क्लोरोफॉर्म देण्याचा मान त्यांस लाभला.

पटकी दूषित हवेनें पसरते, असें त्या काळचे विद्वान् मानीत. रोग्याच्या मलानें दूषित झालेलें पाणी हेंच तिचें वाहन होय, असें स्नो यांनीं १८४९ सालींच प्रतिपादिलें. १८५४ सालीं पुन्हां सांथ आली. दक्षिण लंडनांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यांतून जात. लॅम्बेथ कंपनीनें १८५२ सालीं आपलें पाणी घेण्याचें ठिकाण थेम्स नदीच्या वरच्या अंगास, शहराच्या घाणीपलीकडे, नेलें होतें. सदर्क व व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीजवळचें, गटारांनीं बिघडलेलें पाणीच पुरवीत असे. हवा एक, रस्ता एक. भेद केवळ पाण्याचा. आपल्या घरीं कोणाचें पाणी येतें हें पुष्कळांस ठाऊक नसे. तेव्हां पाण्यांतील मिठाच्या प्रमाणावरून स्नो तें ठरवीत. पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागें लॅम्बेथच्या गिऱ्हाइकांत ३७, तर दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३१५ माणसें दगावलीं.

त्याच सुमारास, ता. ८ सप्टेंबर रोजीं, ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा त्यांच्या सांगण्यावरून काढण्यांत आला. तोंपर्यंत सांथ ओसरूं लागली होती, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें.

एवढें करूनहि बहुतेक अधिकाऱ्यांस त्यांचें म्हणणें पटलें नाहीं. ता. १६ जून १८५८ रोजीं, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं, ते निवर्तले. १८६६ च्या सांथीनंतर त्यांचें मत मान्य होऊं लागलें. आणि १८८४ सालीं डॉक्टर कॉख यांनीं कलकत्त्यांतील एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखविले.

विद्यार्थिमित्रांनो, सत्य मान्य होण्यापूर्वीं देह ठेवावा लागला, तरी पुरावा गोळा करण्याचें काम अर्धवट टाकूं नये, एवढेंच या चरित्रापासून आपण सर्वांनीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें.