उलट बोलायची बंदी होती, म्हणून जॅकी रॉबिन्सननं बेस चोरून उत्तर दिलं

तारीख होती 22 एप्रिल 1947. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं एबेट्स फील्ड. समोर फिलाडेल्फिया फिलीजची टीम. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन आणि खेळाडू डगआऊटमधून एकाच माणसाला शिव्या घालत होते, त्याही कातडीच्या रंगावरून. तो माणूस म्हणजे ब्रुकलिन डॉजर्सचा जॅकी रॉबिन्सन.

जॅकी मात्र गप्प होता. भित्रा होता म्हणून नाही, त्यानं गप्प राहायचा शब्द दिला होता म्हणून.

आता हे प्रकरण समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतंय.

जॅकीचा जन्म 31 जानेवारी 1919 चा, जॉर्जिया राज्यातल्या कैरो गावातला. पाच भावंडांत सगळ्यात धाकटा. बाप घर सोडून गेला, तेव्हा आई मॅली पोरांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला आली आणि लोकांच्या घरी कामं करून तिनं पोरं वाढवली. थोरला भाऊ मॅक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये 200 मीटरमध्ये दुसरा आला. पहिला होता जेसी ओवेन्स. म्हणजे पळणं घरातच होतं.

सैन्यात असताना 1944 मध्ये टेक्सासला जॅकीला बसमध्ये मागं जाऊन बसायला सांगितलं. त्यानं नकार दिला. कोर्ट मार्शल झालं आणि त्यातून तो निर्दोष सुटला. थोडक्यात काय, तर ऐकून घेणारा गडी नव्हता.

त्या काळी अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. लेखी नियम नव्हता, पण सुमारे 60 वर्षं हेच चाललं होतं. 1945 मध्ये डॉजर्सचे ब्रांच रिकी यांनी जॅकीला बोलावलं आणि अट घातली. सुरुवातीला कुणी कितीही डिवचलं तरी हात उचलायचा नाही, उलट बोलायचं नाही. एक भांडण झालं असतं तरी कृष्णवर्णीयांना घेऊन उपयोग नाही म्हणायला लोक टपलेलेच होते. जॅकीनं अट मान्य केली आणि 15 एप्रिल 1947 ला तो डॉजर्सकडून मैदानात उतरला.

तोंड बंद होतं, पण पाय मोकळे होते.

बेसबॉलच्या मैदानात चार बेस असतात. चारही फिरून घरी, म्हणजे होम प्लेटला आलात की एक रन. एका बेसवरून दुसऱ्यापर्यंतचं अंतर 90 फूट. एरवी बॅटरनं बॉल मारला की रनर पुढं पळतो. पण बॉल मारायची वाट न बघता, पिचर बॉल टाकायच्या बेतात असतानाच पळून पुढचा बेस गाठला, तर त्याला म्हणतात बेस चोरणं. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर आधीच क्रीज सोडून निघाला की लोक नाकं मुरडतात. इथं मात्र ती चोरी नियमात बसते.

नुसता वेग असून भागत नाही. आधी बेसपासून काही पावलं पुढं सरकायचं. फार सरकलात तर पिचर बॉल बेसकडे फेकून आऊट करतो. त्यामुळं नजर पिचरच्या हालचालीवर ठेवायची. एकदा त्यानं बॅटरकडे बॉल टाकायची ॲक्शन सुरू केली की नियमानुसार त्याला मध्येच थांबता येत नाही. तो क्षण ओळखायचा आणि सुटायचं. शेवटी घसरत जाऊन बेसला पाय लावायचा, म्हणजे फिल्डरला टॅग करायला अंग कमी सापडतं.

जॅकी याच्याही पुढं गेला. तो बेसपाशी पुढं-मागं नाचत राहायचा. पिचरचं अर्धं लक्ष त्याच्याकडे, अर्धं बॅटरकडे. मग चुका व्हायच्याच.

त्या 22 एप्रिलला तेच झालं. आठव्या इनिंगपर्यंत कुणाचाच रन नव्हता. जॅकी पहिल्या बेसवर पोहोचला आणि त्यानं दुसरा बेस चोरला. घाईत कॅचरचा थ्रो भरकटला, जॅकी तिसऱ्यावर. पुढं जीन हर्मान्स्कीनं बॉल मारला आणि जॅकी घरी आला. डॉजर्स 1-0 नं जिंकले. शिव्या देणाऱ्यांना उत्तर मिळालं होतं.

त्या हंगामात त्यानं 29 बेस चोरले, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त. 1949 मध्ये 37 चोरले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सगळ्यात अवघड असतं थेट होम प्लेट चोरणं, कारण पिचरचा बॉल तिथंच येत असतो. जॅकीनं तेही केलं, तेही वर्ल्ड सिरीजमध्ये. 28 सप्टेंबर 1955 ला यँकी स्टेडियममध्ये तो तिसऱ्या बेसवर होता. पिचर व्हायटी फोर्ड डावखुरा, म्हणजे त्याची पाठ तिसऱ्या बेसकडे. 36 वर्षांचा जॅकी सुटला आणि कॅचर योगी बेराच्या ग्लोव्हखालून त्यानं पाय घातला. अंपायरनं सेफ दिलं. बेरा जागेवरच भडकला आणि पुढं आयुष्यभर तो आऊटच होता म्हणत राहिला. ती मॅच डॉजर्स 6-5 नं हरले, पण सिरीज जिंकले.

मधुमेह आणि हृदयविकारानं पोखरलेला जॅकी 24 ऑक्टोबर 1972 ला गेला, अवघ्या 53 व्या वर्षी. 1997 मध्ये त्याचा 42 नंबर सगळ्याच टीमनी कायमचा बाजूला ठेवला.

फक्त दरवर्षी 15 एप्रिलला लीगमधला प्रत्येक खेळाडू तो घालतो. तेव्हा त्या दिवशी बेसबॉल लावलं आणि सगळ्यांच्या पाठीवर 42 च दिसला, तर गोंधळू नका.