आधी स्वतःला टोचून घेतलं!

मैत्रिणींनो, हाफकिन हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. परळची हाफकिन संस्था, तिच्यातून निघालेल्या कंपनीचे पोलिओचे डोस, साप चावल्यावर टोचायची लस, असं कुठे ना कुठे ते कानावरून गेलेलं असतं. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे आणि तो माणूस आपल्या देशाचाही नव्हता, हे कितीजणींना माहीत असेल? आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. औषध शोधण्यापेक्षा लोकांच्या मनातली भीती काढणं किती अवघड असतं, हे त्याच्याइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू. त्या काळी तिथे ज्यूंवर हल्ले होत, घरंदारं लुटली जात. कॉलेजात शिकणारा हा मुलगा आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभा राहिला आणि त्यापायी त्याला अटकही झाली. शिक्षणात हुशार, पण धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात नोकरी मिळेना. त्याने धर्म बदलला नाही, देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग १८८९ मध्ये पॅरिस. तिथल्या जगप्रसिद्ध पाश्चर संस्थेत त्याला पहिलं काम मिळालं ते ग्रंथालयात मदतनिसाचं! दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे.

त्याने हात घातला तो पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला. आपल्या भागातल्या जुन्या बायका पटकीचं नाव काढलं तरी हात जोडत. मरीआईचा कोप म्हणून गावाच्या वेशीवर नैवेद्य ठेवला जाई. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते आणि सराटीवरून नीरा ओलांडून पुढे पंढरीला जाते. हजारो माणसं एकाच नदीचं, एकाच विहिरीचं पाणी पितात. त्यामुळे त्या काळी जत्रा आणि वारीबरोबर पटकीही गावोगाव फिरायची. रोग पाण्यातून येतो हे सामान्य माणसाला ठाऊक नव्हतं. मरणं मात्र डोळ्यांसमोर दिसत होती. मग कारण काहीतरी हवंच, म्हणून कोप. यात लोकांचा मूर्खपणा नव्हता बरं का. भीती वाटली की मनाला कारण लागतं, आणि खरं कारण हाताशी नसेल तर जवळ असेल ते मन धरून ठेवतं.

१८ जुलै १८९२ ला हाफकिन यांनी पटकीची लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं आणि काही दिवसांत बरं वाटलं. त्यानंतरच त्यांनी मित्रांना टोचलं. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये ते भारतात आले, कारण पटकीचं खरं थैमान इथेच होतं.

इथे आल्यावर कळलं, की लस तयार आहे पण दंड पुढे करायला कुणी तयार नाही. आणि का असावं? कोण कुठला परदेशी माणूस, हातात सुई, बाटलीत रोगाचेच जंतू. निरोगी माणसाला रोग टोचायचा, हे ऐकायलाच उलटं वाटतं. कोलकात्याच्या एका वस्तीत तर लोकांनी त्यांच्यावर दगड उचलल्याचं सांगतात. हाफकिन यांनी तिथे भाषण दिलं नाही. सदरा वर केला आणि सगळ्यांसमोर आधी स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्याबरोबर काम करणारे डॉक्टर तिथलेच, बंगाली होते. त्यांनीही टोचून घेतलं. मग एकेक जण पुढे आला. साधारण दोनशे वस्तीतल्या ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे पटकी आली तेव्हा १० जणांना लागण झाली, त्यातले ७ गेले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते.

बघा हं, लोकांचं मन कशाने वळलं? समोरच्याने धोका आधी स्वतः पत्करला आणि बरोबर आपल्या भाषेतली, आपल्यातली माणसं होती, म्हणून. आकडे नंतर आले, विश्वास आधी आला.

पुढे मलेरियाने आजारी पडून हाफकिन युरोपात गेले आणि पुन्हा परतले. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना मुंबईला बोलावलं गेलं. प्लेग आला होता. गाठीचा ताप! ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत, हाताखाली मोजकी माणसं घेऊन ते कामाला लागले. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागायचं. इथल्या लोकांच्या श्रद्धेला धक्का नको म्हणून त्यांनी बोकडाचं मांस वापरलं. त्यावर तुपाचे नाहीतर खोबरेल तेलाचे थेंब सोडले की जंतू छान वाढतात, असं त्यांना आढळलं. आपल्या स्वयंपाकघरातलं तूप प्लेगच्या लशीला असं उपयोगी पडलं!

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला ती पुन्हा आधी स्वतःला. मात्राही इतरांना पुढे दिली त्यापेक्षा मोठी. खूप ताप भरला, पण माणूस उठून कामाला लागला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी आपणहून हात पुढे केला त्यांनाच टोचलं. लस घेतलेल्या १४७ जणांत दोघांना प्लेग झाला, मरण एकही नाही. लस न घेतलेल्या १७२ जणांत १२ जणांना झाला आणि ६ दगावले. जेवण तेच, भिंती त्याच, हवा तीच. फरक फक्त सुईचा.

हाफकिन यांनी एक गोष्ट लपवली नाही, ती इथे लक्षात ठेवायला हवी. लस घेऊनही दोघांना रोग झाला, हे त्यांनी स्वतःच मोजून सांगितलं. आपली वस्तू शंभर टक्के गुणाची म्हणणाऱ्या माणसापेक्षा, इतकं होतं आणि इतकं होत नाही असं सांगणाऱ्यावर पुढेमागे जास्त विश्वास बसतो.

याच सुमाराला आपल्या पुण्यात काय चाललं होतं? रँड साहेबाचे गोरे शिपाई घरात घुसत होते. देवघरापर्यंत बूट, सामान बाहेर, बायकामाणसांची तपासणी. प्लेगच्या रोग्यांना उचलून नेत होते. सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाबरोबर, यशवंतबरोबर, रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ ला त्यांचं प्लेगने निधन झालं. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. अशा वातावरणात सरकारी सुईवर कुणाचा विश्वास बसणार? लस टोचली की माणूस मरतो, मूल होत नाही, धर्म बाटतो, अशा बातम्या सुटल्या. गावंच्या गावं घरं सोडून रानात खोपी घालून राहिली. जबरदस्तीने घरात घुसलेल्याचं खरंही खोटं वाटतं, हे तेव्हाच्या सरकारला उशिरा कळलं.

मुंबईत मात्र वेगळं घडलं. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगा खान यांनी आपल्या लोकांसमोर उघडपणे लस घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. खोजा समाजातली असंख्य माणसं मग पुढे आली. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी तर घरोघरी अर्ध्या माणसांना लस दिली गेली, अर्ध्यांना नाही. ज्या २८ घरांत प्लेग शिरला तिथे लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ गेले आणि घेतलेल्या ७१ जणांपैकी ३. एकाच चुलीवरचं खाणारी, एकाच ओसरीवर झोपणारी माणसं! पुराव्याला आणखी काय लागतं? १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची मोठी प्रयोगशाळा थाटली गेली.

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. पण ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. ते एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले होते. देशभर हाहाकार उडाला. कितीतरी लोक लशीने वाचले होते, पण वाचलेल्याला आपण कशामुळे वाचलो हे कधी कळतच नाही. मेलेला मात्र सगळ्यांना दिसतो. पंजाबातली मोहीम कोलमडली.

चौकशी बसली आणि खापर फुटलं हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर. त्यांनी लस शुद्ध करण्याची रीत बदलली होती, म्हणजे दोष त्यांचाच, असा निष्कर्ष निघाला. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. गंमत अशी, की हे मानणारे अडाणी नव्हते. शिकलेसवरलेले साहेब लोक होते. त्यातून हाफकिन परके, ज्यू, शिवाय वैद्यकीची पदवी नसलेले. आधीपासूनच ते अनेकांच्या डोळ्यांत खुपत होते. मनात ज्याच्याविषयी किंतु असतो, त्याच्याविरुद्धचा पुरावा आपण पटकन उचलतो आणि बाजूचा पुरावा समोर असून दिसत नाही. शिक्षणाने हा दोष जातोच असं नाही.

पुरावा तर चौकशीच्या कागदांतच होता. गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करताच बाटलीला लावला होता. माती, जमीन म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंचं घरच. शिवाय जंतू मुंबईहूनच बाटलीत आले असते, तर इतक्या दिवसांत बाटलीला घाण वास सुटला असता. तसा वास आलेला नव्हता. इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी एकेक धागा जोडत नेला. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस पुढे झाले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचं जाहीर केलं. सरकारलाही ते मान्य करावं लागलं. मधे पाच वर्षं गेली. एक चिमटा पडल्याचं खरं कारण मान्य व्हायला पाच वर्षं!

हाफकिन पुन्हा भारतात आले, कोलकात्याला काम केलं, पण पहिल्यासारखं मोठं काम त्यांच्याकडे कधी आलं नाही. नंतर निवृत्त होऊन ते युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले. संसार केला नव्हता. संपत्ती ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले. ज्या पटकीसाठी ते या देशात आले, तिची लस पुढे पंढरीच्या वारकऱ्यांनाही टोचली जाऊ लागली.

मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षं झाली, पण अफवांचं वाण फारसं बदललेलं नाही. पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही, अशी आवई उठली होती. तरी घरोघर फिरणाऱ्या बायकांच्या चिकाटीने २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. २०२१ मध्ये करोनाच्या लशीवेळी पाळीच्या चार दिवसांत लस घेऊ नका, असा निरोप मोबाइलवर फिरला. डॉक्टरांनी तो खोटा असल्याचं सांगितलं, तोवर कितीतरी जणी रांगेतून मागे फिरल्या असतील. अशा बातम्या बायकांच्या बाबतीत जास्त चिकटतात, कारण त्या थेट कुशीला आणि लेकरांना हात घालतात. भीती जेवढी जवळची, तेवढी विचारायला वेळ कमी.

मग घरात सासूबाई किंवा शेजारच्या वहिनी असं काही मानत असतील तर काय करायचं? चारचौघांत त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. माणसाचा अपमान झाला की तो आपलं म्हणणं अधिकच घट्ट धरतो. आधी त्यांना भीती कशाची वाटते ते विचारा. ताप येतो, दंड दुखतो हे लपवू नका, आधीच सांगा. आपण घेतली असेल तर दंड दाखवा. आणि एखादं वाईट झाल्याचं कानावर आलं, तर ते खोटंच म्हणून झटकूही नका. कुणाला झालं, कधी, नक्की कशाने, एवढे तीन प्रश्न विचारा. मलकोवालचं खरं कारण असंच विचारता विचारता सापडलं.

आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई पुढच्या वेळी दारात आल्या, तर त्यांना ओसरीवर बसवा, चहा द्या आणि मनातल्या शंका सासूबाईंच्या देखत विचारा. उत्तर ऐकायला त्याही बसतील.